पत्र पाठविणारा खरा कोण?

ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून जे नाव लिहिलेले असते ते पोस्ट खाते तपासत नाही. कोणीही कोणाचेही नाव लिहावे, पाकीट पोचते. ई-मेलचेही तसेच आहे. फरक एवढाच की पाकिटाला तिकीट लागते आणि ई-मेल जवळजवळ फुकट जाते. त्यामुळे लाखो लोकांना खोट्या नावाने पत्रे पाठविणाऱ्यांचे फावते. न मागता अशी ढिगाने येणारी पत्रे म्हणजेच स्पॅम.

हा प्रकार जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क या संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठविली. तीच पहिली स्पॅम मानतात. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ई-मेल पोचविण्याचे नियम लिहून काढले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. तेव्हा या जाळ्यावर माणसे थोडी होती आणि बहुतेक विद्यापीठांतली व संशोधन संस्थांतली होती. पाठविणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सक्ती त्या नियमांत नव्हती. आज त्याचा भुर्दंड सामान्य माणूस भरतो आहे.

उलट विचारणा

मेल सर्व्हर म्हणजे एखाद्या संस्थेचे स्वतःचे पोस्ट ऑफिसच. तिथे खोटी पत्रे अडविण्याची एक जुनी युक्ती आहे. पत्र दारात आले की आपला सर्व्हर ते लगेच घेत नाही. तो प्रेषकाच्या सर्व्हरला विचारतो, "या नावाने पत्र पाठविले तर घ्याल का?" २५० असे उत्तर आले तर 'होय', ५५० आले तर 'असा कोणी नाही'. उत्तर मिळाले की आपला सर्व्हर काही न पाठविता निघून येतो. एक्झिम आणि पोस्टफिक्स या सर्व्हरच्या प्रणालींत ही सोय आहे.

ऐकायला हे उत्तम वाटते. पण त्यात खोट आहे. लबाडाने तिसऱ्याच खऱ्या माणसाचे नाव घातले तर उत्तर 'होय'च येणार. शिवाय ज्याचा काही दोष नाही त्याच्या सर्व्हरवर जगभरातून विचारणांचा भडिमार होतो. म्हणून फार विचारणा करणाऱ्या सर्व्हरलाच कधी कधी काळ्या यादीत टाकतात. काही सर्व्हर कोणत्याही नावाला 'होय' म्हणतात, तर काही 'नंतर या' म्हणतात, आणि तेवढा वेळ खरे पत्रही अडून बसते. एखाद्या मुलाचे मुलाखतीचे खरे बोलावणे असे अडले तर त्याचे नुकसान कोण भरून देणार?

यादी, सही आणि हुकूम

म्हणून पुढे तीन नवे उपाय आले. पहिला एसपीएफ, २००६ चा. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी संस्था स्वतःच जाहीर करते. पत्र घेणारा ती यादी पाहतो. दुसरा डीकेआयएम, २००७ चा. यात पत्रावर अशी गुप्त सही असते की वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरा डीमार्क, २०१५ चा. ई-मेलला दोन प्रेषक असतात. एक पाकिटावरचा, तो सर्व्हर पाहतो. दुसरा आतल्या कागदावरचा, तो आपल्याला दिसतो. कागदावरचे नाव यादीशी किंवा सहीशी जुळते का, आणि जुळले नाही तर पत्राचे काय करावे, हे डीमार्कमध्ये लिहिलेले असते. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही उपाय सक्तीचे केले. याहूनेही मोठ्या प्रमाणावर पाठविणाऱ्यांसाठी त्याच सुमारास अशीच अट घातली.

आपल्या पतपेढ्या, शिक्षणसंस्था, कामगार संघटना यांच्या स्वतःच्या नावाचे ई-मेल असेल तर पदाधिकाऱ्यांनी संगणकवाल्याला एवढे जरूर विचारावे, "हे तिन्ही केले आहे काय?" केले नसेल तर उद्या कोणीही संस्थेच्या नावाने सभासदांकडे पैसे मागेल. मात्र घाई नको. पगारपत्रके, पावत्या कुठून कुठून जातात ते सगळे सर्व्हर आधी यादीत घालावेत. काही दिवस फक्त अहवाल मागवावा, आणि मगच 'नाकारा' असा हुकूम द्यावा. नाहीतर आपलीच खरी पत्रे परत येतील.

शिक्का म्हणजे सचोटी नव्हे

आता घरच्यांसाठी महत्त्वाचे. ही तपासणी फक्त पत्र कुठून आले एवढेच सांगते. पाठविणारा प्रामाणिक आहे की नाही हे ती सांगत नाही. लबाडाने कोणत्याही नावाने जीमेलचे खाते उघडले आणि त्यातून 'रेल्वेत नोकरी लागली, अनामत भरा' असे लिहिले, तर तपासणीत ते पत्र पास होते. कारण ते खरोखरच त्या खात्यातून आलेले असते. नावात एक अक्षर बदलून कंपनीसारखा पत्ता घेतला तरी तेच.

म्हणून मोठ्या अक्षरांतल्या नावावर जाऊ नका. पूर्ण पत्ता उघडून '@' या चिन्हापुढचा भाग अक्षर अक्षर वाचा. सरकारी पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतो. संगणकावर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबले की तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. आणि नेमणूकपत्रासाठी खाजगी खात्यात पैसे मागणारा फसवायलाच बसलेला आहे, हे पक्के समजा.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे सापडण्याची आशा कमी. मुलाच्या नोकरीसाठी आईने गहाण टाकलेले मंगळसूत्र कोणताही सर्व्हर सोडवून आणणार नाही. ते वाचवायचे असेल तर पैसे भरण्याआधी पत्र घरात चार जणांना दाखवा, मोठ्याने वाचा आणि विचारा, हे पाठविणारा खरा कोण?