मत्स्यपेटीतील हिरवळ : कोणत्या माशाला कोणती वनस्पती?

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ. अरुंद बोळ, एकमेकांना टेकलेल्या भिंती आणि चौकातून येईल तेवढाच उजेड, अशी येथील जुन्या वाड्यांची रचना. कित्येक वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. पण त्यांच्याही खालच्या मजल्यांवर ऊन बेताचेच येते. अशा घरात हौसेने काचेची मत्स्यपेटी आणली, वाळू पसरली, हिरव्यागार वनस्पती लावल्या आणि रंगीत मासे सोडले, तर पंधरा-वीस दिवसांत काय होते? पुष्कळदा वनस्पतींची खालची पाने पिवळी पडून कुजू लागतात, पाणी गढूळ होते आणि एके दिवशी पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. वनस्पती तर प्राणवायू देतात, मग मासे का गुदमरावेत?

पहाटेचा धोका

वनस्पती प्राणवायू देतात हे खरे. पण फक्त प्रकाशसंश्लेषण चालू असताना, म्हणजे उजेडात. श्वसन मात्र त्या रात्रंदिवस करतात. दिवा मालवला की वनस्पती, मासे आणि वाळूतील जीवाणू असे सगळेच पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरू लागतात. त्यामुळे तो सर्वांत कमी होतो तो पहाटे.

मुळात पाण्यात प्राणवायू फार थोडा मावतो. समुद्रसपाटीवर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे तो आणखी थोडा कमी. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत पेटीत गर्दी केली, तर संकट जवळच असते. त्यातच उजेडावाचून वनस्पती कुजू लागल्या, तर कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात. थोडक्यात, वाढणारी वनस्पती माशाची मित्र, तर कुजणारी वनस्पती त्याची शत्रू.

वाढणाऱ्या वनस्पतीचे खरे उपकार वेगळेच आहेत. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांनाच घातक असतो. वनस्पतींना मात्र तो खत म्हणून चालतो. शिवाय पानांआड लहान माशांना आसरा मिळतो आणि अंडी घालायला जागाही. म्हणून निवड करताना क्रम असा ठेवावा : आधी आपल्या घरातला उजेड, मग मासा आणि शेवटी वनस्पती.

उजेडाची परीक्षा

शाळेच्या प्रयोगशाळेत असते ती हायड्रिला येथे उपयोगी पडेल. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट विरघळवा. हायड्रिलाची दहा सेंटिमीटर लांबीची फांदी कापून, कापलेले टोक वर राहील अशी खड्याला बांधून पाण्यात बुडवा. हा पेला प्रथम खिडकीत, मग पेटी ठेवायच्या जागी आणि शेवटी दिव्याखाली ठेवा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबून, पुढच्या पाच मिनिटांत टोकातून किती बुडबुडे निघतात ते मोजा आणि तक्ता करा.

सगळे बुडबुडे सारख्या आकाराचे नसतात, म्हणून ही मोजणी ढोबळ आहे. तरीही फरक स्पष्ट दिसेल. पेटीच्या जागी बुडबुडे जवळजवळ नसतील, तर मंद उजेडावर भागवणाऱ्या वनस्पती घ्याव्यात किंवा पेटीवर दिवा लावावा. रोज आठ ते दहा तास दिवा पुरे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की उजेड एकचतुर्थांश होतो, हेही ध्यानात ठेवावे. याउलट, पेटी थेट उन्हात ठेवली तर पाणी तापते आणि काचेवर शेवाळ माजते.

मासा आणि त्याची वनस्पती

सोयीसाठी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी पेटी धरू. तीत सुमारे ४५ लिटर पाणी राहते आणि दहा-बारा लहान, शांत मासे सुखाने नांदतात. गोल्डफिश मात्र या पेटीत नको. तो मोठा होतो, वाळू उकरतो आणि कोवळी पाने खातो.

गप्पी, मोली आणि प्लॅटी हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीत असते. पण आईसह सगळे मोठे मासे ही पिल्ले गिळतात! म्हणून येथे बारीक पानांची दाट झुडपे हवीत. हायड्रिला, सेराटोफायलम आणि जावा मॉस यांत पिल्ले लपतात. सेराटोफायलमला मुळेच नसतात. ते नुसते तरंगत ठेवले तरी वाढते.

झेब्रा डॅनिओ हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील चपळ मासा. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी पाळला जातो. पुण्याच्या आयसर संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालते. त्याला थव्याने पोहायला मोकळी जागा लागते. म्हणून पेटीच्या मागच्या बाजूला फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावावी आणि पुढचा भाग रिकामा ठेवावा. व्हॅलिस्नेरिया वाळूतून धावती खोडे पाठवून आपोआप पसरते. तिचे परागण तर नवलाचे : नरफुले देठापासून सुटून पाण्यावर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलाला जाऊन भिडतात.

निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांमधला मासा. त्याला मंद उजेड आणि मृदू पाणी मानवते. कमी उजेडाच्या घराला हीच जोडी उत्तम : निऑन टेट्रा, आणि सोबत क्रिप्टोकोरायनी व जावा फर्न. जावा फर्नचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दगडाला दोऱ्याने बांधावे. क्रिप्टोकोरायनीची जागा बदलली, की तिची पाने विरघळल्यासारखी गळतात. पण मुळे जिवंत असतात. उपटून न टाकता काही आठवडे धीर धरावा.

छोटा गुरामी पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यात वनस्पतींचे तुकडे गुंफतो. त्याच्यासाठी थोड्या तरंगत्या वनस्पती हव्यात. पण तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून निम्मा पृष्ठभाग तरी मोकळा ठेवावा.

लाल पानांच्या वनस्पती दुकानात फार मोहक दिसतात. त्यांतील बहुतेकींना प्रखर उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत त्याच आधी मरतात.

पाणी आणि कुंडी

नळाच्या पाण्यातील क्लोरिन निघून जावा म्हणून ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवतात. भांडे मात्र विचारपूर्वक निवडावे. कसब्यातील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पिण्यासाठी ती भांडी चांगली, पण माशांसाठी नव्हेत. तांब्याचा विरघळलेला अल्पसा अंशही मासे व गोगलगाई यांना घातक ठरतो, आणि मृदू पाण्यात त्याचा परिणाम अधिक होतो. तेव्हा प्लॅस्टिकची किंवा स्टीलची बादली घ्यावी.

मुळे असलेल्या वनस्पतींसाठी पाच सेंटिमीटर जाडीचा धुतलेल्या वाळूचा थर पुरे. रंग न लावलेल्या मातीच्या लहान कुंड्याही चालतात; रोप हलवायचे झाल्यास मुळे दुखावत नाहीत. नवी वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच पेटीत लावावी, म्हणजे गोगलगाईंची अंडी व रोग आत येण्याचा धोका कमी होतो.

पेटीतले पेटीतच

वनस्पती वाढल्या, की छाटणी करावी लागते. ती छाटणी आणि नकोसे झालेले मासे मुठेत किंवा तळ्यात कधीही टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या कशा झाकोळतात, हे पुणेकरांना सांगायला नको. उलट उदाहरणही आहे. आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोचली आणि तेथील कालवे व सरोवरे तिने भरून टाकली. एका ठिकाणची गुणी वनस्पती दुसऱ्या ठिकाणी तण ठरते, ती अशी.

तसेच पेटीसाठी रानातून दुर्मीळ वनस्पती उपटून आणू नयेत. सातारा भागातील पठारांवर पावसाळ्यात पाणथळ जागी वायतुरा उगवतो. त्याचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो. शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पश्चिम घाटाबाहेर तो निसर्गतः आढळत नाही. त्याला पाहायला त्याच्या घरी जावे. आपल्या पेटीत आणू नये. छाटलेल्या फांद्या मित्राच्या पेटीसाठी द्याव्यात, नाहीतर वाळवून कुंडीतील झाडांना खत म्हणून घालाव्यात.