पाहऱ्यावरचे बुरूज

सुट्टीवर गेलेला मनुष्य सकाळच्या उन्हात समुद्रकाठाने फिरावयास निघतो, तो काही इतिहासाचा शोध घेण्यासाठी नव्हे. आम्हीही तशा हेतूने निघालो नव्हतो. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंट पॉल्स बे नावाचे गाव आहे. एका बाजूला घरांच्या रंगीत लाकडी सज्जांची रांग, दुसऱ्या बाजूला संथ निळे पाणी, आणि त्यावर डुलणाऱ्या 'लुत्सू' नावाच्या मासेमारी होड्या. या होड्यांच्या नाळेवर दोन्ही अंगांना डोळे रंगविलेले असतात. दर्यात जाणाऱ्या होडीला वाट दिसावी व तिचे अरिष्टापासून रक्षण व्हावे, ही त्यामागील जुनी श्रद्धा. आमच्या किनाऱ्यावरील मनुष्याला ती समजावून सांगावी लागत नाही. होड्यांचे डोळे पाहत आम्ही पुढे निघालो, तो वाटेतच आणखी एक जागता डोळा आमच्या दृष्टीस पडला. तो दगडी होता.

हा विन्याकूर बुरूज. 1610 साली त्याची पायाभरणी झाली. माल्टात आज उभ्या असलेल्या टेहळणी बुरुजांत तो सर्वांत जुना. चौकोनी, ठेंगणा, जाड भिंतींचा. डौल मिरवावा असे त्यात काही नाही. सन वाचताच आमचे मन क्षणभर मांडवीच्या मुखाशी गेले. अग्वादचा किल्ला पुरा झाला तो 1612 साली. दोन दूरच्या समुद्रांवर, जवळजवळ एकाच वेळी, दोन राज्यकर्त्यांनी भयापोटी दगडावर दगड रचला. अग्वादला धास्ती होती डचांची, माल्टाला तुर्कांची.

माल्टाची धास्ती निराधार नव्हती. 1530 साली सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट सेंट जॉनच्या सरदारांच्या धर्मसंघास दिले. त्यानंतर 1551 साली तुर्की आरमार शेजारच्या गोझो बेटावर उतरले आणि तेथील जवळजवळ सारी प्रजा, सुमारे 5,000 माणसे, गुलाम करून घेऊन गेले. एक संपूर्ण बेट असे ओस पडले. 1565 सालचा मोठा वेढा माल्टाने परतविला, दुसऱ्याच वर्षी व्हालेटा या तटबंद राजधानीचा पाया घातला. पण राजधानीला कोट झाला म्हणून किनाऱ्यावरील कोळी निर्धास्त होत नाही. रात्री एखादे गलबत अंधारात लागले, तर सकाळी गाव रिकामे! म्हणून संघाचा प्रमुख आलोफ द विन्याकूर याने स्वखर्चाने बुरूज उभारावयास आरंभ केला.

सहा बुरूज झाले. त्यांचा उपयोगही लवकरच दिसून आला. 1614 साली सुमारे 60 गलबतांचे तुर्की आरमार मार्साश्लोकच्या बंदरात शिरू पाहत असता सेंट लुशियन बुरुजाच्या तोफांनी त्यास मागे लोटले. शत्रू मग जवळच्या दुसऱ्या, बिनपहाऱ्याच्या जागी उतरला व त्याने झेयतून गाव लुटले. जेथे बुरूज होता तेथे प्रवेश नाही, जेथे नव्हता तेथून वाट सापडली. हा धडा माल्टाने तत्काळ घेतला. त्याच वर्षी त्या उघड्या जागी नवा बुरूज उभा राहू लागला. 1618 साली माल्टा व गोझो यांच्या दरम्यानच्या कोमिनो या चिमुकल्या बेटावरही एक झाला. पुढे 1658-59 मध्ये मार्टिन दे रेदिन याने आणखी तेरा बुरूज बांधून साखळी पुरी केली. प्रत्येक बुरुजावरून शेजारचा बुरूज दिसावा, हे तिचे सूत्र. दिवसा धूर, रात्री जाळ. एकाने पेटविला की दुसऱ्याने, दुसऱ्याचा पाहून तिसऱ्याने. अशा रीतीने गोझोची वार्ता व्हालेटापर्यंत पोहोचे.

हे बुरूज ज्यांच्या नावांनी ओळखले जातात ते फ्रेंच व स्पॅनिश उमराव होते. माल्टी माणसास त्या सरदारांच्या पंक्तीत सहसा स्थान नसे. परंतु किनाऱ्यावर रात्रीचा पहारा देण्याचे काम गावोगावच्या रयतेवर पाळीपाळीने पडे. दिवसभर शेतात राबलेला मनुष्य रात्री काळोख्या पाण्याकडे डोळे लावून बसे. त्याचे नाव कोणत्याही बुरुजाला नाही. आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ज्या सरदारांनी हे बुरूज उभारले, त्यांचीच गलबते मुसलमानांच्या जहाजांवर व किनाऱ्यांवर छापे घालीत आणि व्हालेटात माणसांचा बाजार भरे. बुरुजावरून दिसणारा शत्रू हा पलीकडच्या किनाऱ्यावर कोणाचा तरी बाप अथवा भाऊ असे. अग्वादच्या तटावरील पोर्तुगीज पहारेकऱ्याला 1683 साली संभाजी महाराजांची फौज अशीच 'शत्रू' दिसली असेल. आम्हांला ती तशी दिसत नाही. बुरूज पाहताना तो कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे, हे विचारून घ्यावे.

1798 साली नेपोलियनने सरदारांना घालविले, 1800 मध्ये इंग्रज आले. आगबोटींच्या व तारायंत्राच्या युगात धुराच्या खुणांचे काम संपले. 1878 साली मुंबईहून सुमारे 7,000 हिंदी सैनिक, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही, सुएझमार्गे माल्टात आणले गेले. साम्राज्याच्या पटावरील सोंगट्याच त्या! पण आमच्या बाजूच्या माणसांनीही हा किनारा पाहिला होता, हे जाणून वाटेवरची परकेपणाची भावना थोडी ओसरली.

माल्टा 1964 साली स्वतंत्र झाले. 1965 साली तेथील नागरिकांनी 'दिन लार्त हेल्वा' म्हणजे 'ही मधुर भूमी' या नावाची संस्था स्थापिली. पडझड झालेले बुरूज दुरुस्त करून राखण्याचे काम ही संस्था करीत आली आहे. विन्याकूर बुरूजही तिच्याच देखरेखीखाली आहे. येणाऱ्यांस दार उघडून देणारे व माहिती सांगणारे बहुधा स्वयंसेवक. पूर्वी पहारा सक्तीचा होता, आता तो स्वखुशीचा झाला आहे, इतकाच फरक. परक्या सरदारांनी बांधले म्हणून या लोकांनी ते दगड टाकून दिले नाहीत. त्यांत आपल्या पूर्वजांची जागरणे आहेत, हे त्यांनी ओळखले.

तरीही गच्चीवर उभे राहून आम्ही किनाऱ्याकडे पाहिले, तेव्हा मन प्रसन्न राहिले नाही. काठाकाठाने उपाहारगृहे, वसतिगृहे व सदनिकांच्या उंच इमारती दाटल्या आहेत. पुढचा बुरूज कोठे असेल, याचा अंदाजच करावा लागतो. एकेका बुरुजाची डागडुजी झाली, पण दोन बुरुजांमधील नजर तुटली. आणि ज्याला शेजारचा बुरूज दिसत नाही, तो टेहळणी बुरूज उरत नाही. तो केवळ एक जुनी इमारत होतो.

आमच्या मांडवीच्या मुखावरही अशीच साखळी होती. अग्वाद, रेइश मागुश, काबो, गास्पार दियश: दोन्ही तीरांवरून ते एकमेकांस पाहत. गास्पार दियशचा किल्ला आज केवळ नावापुरता उरला आहे. रेइश मागुश दुरुस्त होऊन 2012 साली लोकांस खुला झाला. अग्वादच्या तुरुंगाचे 2021 साली संग्रहालय झाले, हे उचितच झाले; कारण त्या कोठड्यांत आमचे स्वातंत्र्यसैनिक खितपत पडले होते. दगड परक्यांच्या आज्ञेने रचले गेले, तरी त्यांस लागलेला घाम आणि त्यांआड सोसलेला बंदिवास आमचाच आहे. म्हणून ते राखणे हा परक्यांचा गौरव नव्हे.

पण किल्ला राखला आणि त्याभोवतालचा डोंगर कापला, किनारा बांधून काढला, तर आम्ही माल्टाच्याच वाटेने गेलो असे होईल. तट दुरुस्त करावयास निधी मिळतो. एका तटावरून दुसरा तट दिसत राहावा, यासाठी निधी पुरत नाही. तेथे कोणीतरी 'नाही' म्हणावे लागते. माल्टातील त्या अनामिक शेतकऱ्यास रात्रभर जागावे लागे, कारण संकट समुद्राकडून येई. आजचे संकट जमिनीच्या बाजूने, दिवसाढवळ्या आणि परवाना घेऊन येते. त्यासाठी जाळ कोणी पेटवावयाचा, हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांनाच ठरवावे लागेल.