बाईंनी आखलेली रेघ

चातुर्मास संपून चार दिवस झाले होते. पहाटे नवकार ऐकत ऐकत आमच्या बाईंनी वयाच्या ९४व्या वर्षी देह ठेवला. नात्याने त्या माझ्या आजी. परंतु वडील व काका त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून नातवंडे-पतवंडेही तसेच म्हणू लागली. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या तपाचे स्मरण केले. वर्षीतप, अठ्ठाया, ओळी यांची गणती झाली. ती योग्यच होती. मला मात्र आज वेगळे काही सांगायचे आहे. आयुष्यात एकदाही गादीवर न बसलेल्या बाईंनी आमच्या दुकानाची मर्यादा ठरवून दिली होती, ती हकीकत या पानांवर नोंदवून ठेवावी असे वाटते.

मारवाडातून लग्न होऊन बाई सिंदेवाहीला आल्या, तेव्हा नागभीडकडून चांद्याकडे जाणारी गाडी छोट्या रुळांवरून धावत असे. भोवती साग-बांबूचे रान, मध्ये धानाच्या बांध्या आणि मालगुजारीच्या काळातील तलाव. दुकान किराण्याचे व कापडाचे. हंगामात धानाची खरेदी. परंतु या मुलखात पैसा खरा रानातच होता. लाख, मध, मोहफुले, लाकूड, कोळसा! बाजाराच्या दिवशी माणसे डोक्यावर ओझी घेऊन येत आणि त्या बदल्यात मीठ, तेल, लुगडे घेऊन जात.

बाई रोज प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांचा त्यात उल्लेख आहे. अंगारकर्म, वनकर्म, लाक्षावाणिज्य, रसवाणिज्य, विषवाणिज्य ही त्यांतील काही नावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवरून ती नुसती निघून जातात. बाईंच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्या यादीतील निम्मा माल आमच्या ओट्यासमोरूनच जात असे.

त्यांचा दिवस सूर्योदयापूर्वी सामायिकाने सुरू होई. अठ्ठेचाळीस मिनिटे त्या जागेवरून हलत नसत. पाणी गाळूनच भरले जाई. सूर्य मावळण्यापूर्वी चूल शांत होई. पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागत. ते निवडून मूठभर कण्यांसह परसातल्या सावलीत ठेवण्याचे काम आम्हा मुलांचे असे. ‘त्यांनाही त्यांची शिदोरी द्या,’ असे बाई म्हणत. अहिंसेचा आम्हाला मिळालेला पहिला पाठ हा असा होता.

एका वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. लोंबीवर आलेले धान उभे वाळले. उधारी बुडाली, दुकानात माल भरायला पैसा उरला नाही. त्याच चैत्रात बाहेरगावचा एक व्यापारी आमच्याकडे मोहखरेदीची आडत घेऊन आला. आजोबांनी, म्हणजे आमच्या बाबूजींनी, इसाराची रक्कमही ठेवून घेतली. रात्री बाईंनी विषय काढला.

‘आपण फुले घेणार. दारू गाळणारे दुसरे,’ बाबूजी म्हणाले.

‘दारूचे राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘मोह हे या लोकांचे अन्न आहे. चैत्रात ते स्वस्तात देऊन जातील. श्रावणात घरात दाणा नसेल, तेव्हा तोच मोह दुपटीने मागायला आपल्याच ओट्यावर येतील. तेव्हा मापून देणे तुम्हाला जमेल का?’

बाबूजींनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी इसार परत केला.

अशा गोष्टी सांगताना आपण येथेच थांबतो आणि वृद्धांच्या पुण्याईचे गुणगान करतो. परंतु या निर्णयाची किंमत कोणी मोजली, तेही लिहिले पाहिजे. त्या वर्षी मोठ्या काकांचे नागपूरचे शिक्षण बंद झाले. ते परत येऊन दुकानात बसले आणि पुढे काही वर्षांनी वेगळे झाले. त्यांनी मोहाचा व लाखेचा व्यापार केला आणि त्यात त्यांची भरभराट झाली. आमचे दुकान होते तेवढेच राहिले. दोन्ही घरांत बोलणे होते, सणवार होते. तो विषय मात्र कोणी काढीत नसे.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर बाई सर्वांत आधी काकांच्या दारी जात. आई असून मुलाकडे त्या स्वतः चालत जात. एका वर्षी मी त्यांचा हात धरून सोबत गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘माझ्या नेमामुळे तुझे शिक्षण राहिले. मिच्छामि दुक्कडम्.’ काकांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवून क्षमा मागितली. तरी बाईंनी आपला नेम चुकीचा होता असे म्हटले नाही आणि काकांनी आपला व्यापार सोडला नाही. क्षमा मागण्यासाठी दुसऱ्याला हरवावे लागत नाही, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले.

शेवटच्या आजारात काका रोज रात्री बाईंच्या उशाशी बसत. बाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितले, ‘श्रावणात मोह विकताना मी चैत्रातल्या भावाच्या दुप्पट कधी घेतले नाही. बाईंना हे सांगायचे राहून गेले.’ एवढे बोलून ते उठून गेले.

आता प्रश्न आमच्यापुढे आहे. माझा मुलगा कृषी पदवीधर आहे. त्याला कृषी केंद्र काढायचे आहे. धानावर खोडकिडा, तुडतुडे येतात. शेतकऱ्याला औषध लागते, सल्लाही लागतो, आणि चांगला सल्ला देणारा दुकानदार असला तर फवारणी कमी होईल, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु विषवाणिज्य हा शब्दही त्याच पंधरांत आहे. वडील गप्प आहेत. बाई असत्या तर त्यांनी काय म्हटले असते, याचा अंदाज प्रत्येक जण आपापल्या सोयीने करतो, हे माझ्या लक्षात आले आहे.

रोवणीच्या हंगामापूर्वी ठरवावे लागेल. अक्षय तृतीयेला सारे कुटुंब एकत्र बसणार आहे. त्या बैठकीला मोठ्या काकांनाही बोलावले आहे, आणि त्यांनी येतो म्हणून कळवले आहे.