वर्गात फोन एकच, तोही सरांचा. मग मोफत डिजिटल साधनं वापरायची कशी?

लोहा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा सहावीचा वर्ग डोळ्यासमोर आणा. पटावर तीसेक मुलं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही असेल, नसेलही. मोबाईलची रेंज खिडकीपाशी बरी येते. आणि स्मार्टफोन एकच, सरांच्या नाहीतर मॅडमच्या हातात.

'शिक्षकांसाठी 25 मोफत ॲप्स' अशा याद्या इंटरनेटवर ढिगानं सापडतात. पण त्यातली बरीच साधनं प्रत्येक मुलाकडे फोन किंवा टॅब आहे असं धरून चालतात. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांनी घरात स्मार्टफोन असल्याचं सांगितलं. मात्र आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं 57 टक्क्यांनीच सांगितलं. सोशल मीडियासाठी वापरणारे 76 टक्के होते. शिवाय घरातला फोन म्हणजे मुलाचा फोन नव्हे. सकाळी वडील शेतावर निघाले की फोनही निघतो.

त्यामुळे एखादं साधन मोफत आहे का, याआधी ते एका फोनवर चालतं का, हे विचारायला हवं.

कागदाचं कार्ड, सरांचा कॅमेरा

या कसोटीला चांगलं उतरणारं एक साधन म्हणजे प्लिकर्स. 2015 मध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रुळला, त्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी ते वापरून पाहिलं.

यात मुलांना काहीच विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी चौकोनी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल, तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. सर फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं याची नोंद होते. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही.

याचा नेमका फायदा काय? समजा, फळ्यावर प्रश्न आहे : 1 छेद 2 अधिक 1 छेद 3 किती? एरवी शिकवून झाल्यावर सर विचारतात, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ सर!" कार्डं वर गेल्यावर मात्र दिसतं, की निम्म्या वर्गाचं उत्तर 2 छेद 5 आहे. म्हणजे मुलांनी वरचे अंक एकत्र मिळवले, खालचे एकत्र. चूक कुठे आहे ते त्याच तासाला कळतं. चाचणीचे पेपर तपासेपर्यंत थांबावं लागत नाही. मागच्या रांगेत बसून कधीच हात वर न करणारी मुलगीही इथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते, आणि चुकली तरी कोणी हसत नाही.

खरं सांगायचं तर चार रंगांच्या चिठ्ठ्या वर धरायला लावूनही यातलं बरंचसं साधतं. ॲपमुळे नावनिशी नोंद राहते, हा फरक. तो मोठा आहे, पण नेट बंद पडलं म्हणून तास अडायचं कारण नाही.

दोन व्यवहारी गोष्टी. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन नको. उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. आणि मोफत खात्याला मर्यादा आहेत, त्यामुळे चार-पाच नेमके प्रश्नच काढा. मुलांना तेवढेच पुरतात.

रेंज असेल तिथे उतरवा, वर्गात दाखवा

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची सुरुवात आपल्याच राज्यातली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो प्रयोग केला, पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण वर्गात बसून कोड स्कॅन करायचा आणि गोल फिरणारं चक्र बघत राहायचं, हा अनुभवही नवा नाही. त्यावर उपाय आहे. केंद्राच्या दीक्षा ॲपमधलं बरंच साहित्य आधी डाउनलोड करता येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी उतरवून, छापून वाटल्या तरी चालतात. परवाना तसाच खुला आहे.

विज्ञानासाठी 'फेट' बघाच. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. वायर, बॅटरी, बल्ब जोडून पडद्यावर विद्युत परिपथ तयार करता येतो, वायर काढली की बल्ब विझतो. यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि फाइल एकदा उतरवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. शाळेत खरी बॅटरी आणि बल्ब असेल तर मात्र आधी तेच मुलांच्या हातात द्या.

मोफत म्हणजे कायमचं नव्हे

गुगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा कितीतरी शिक्षक वापरत होते. 31 डिसेंबर 2024 ला तो बंद झाला. म्हणून प्रश्नसंच, निकाल, चित्रं यांची एक प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवलेली बरी.

दुसरा मुद्दा मुलांच्या माहितीचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्लिकर्ससारख्या ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, फोटो टाकायची गरजच नाही. कार्ड क्रमांक 7 म्हणजे हजेरीपटावरचा 7 नंबर, एवढी जुळणी पुरते. कोणाचा नंबर कोणता, ते सरांच्या वहीत असतंच.