राजीनामा आणि त्याची मुदत

नोकरी सोडण्याच्या लेखास मराठीत ‘राजीनामा’ म्हणतात. ‘राजी’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ संतुष्ट अथवा संमत. ‘नामा’ हा फारसी असून त्याचा अर्थ लेख. व्युत्पत्तीने पाहता राजीनामा हा संमतिलेख होय. हिंदीत हा शब्द उभयपक्षी तडजोडीचा लेख याच अर्थाने रूढ असून पदत्यागास तेथे ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड व तेलुगू या भाषांत मात्र तो पदत्यागाचा वाचक झाला आहे.

संमतीकडून त्यागाकडे झालेल्या या अर्थांतराचा एक दुवा महसुली व्यवहारात दिसतो. मुंबई इलाख्यात जमिनीचा भोगवटा सोडणारा राजीनामा देई व तो घेणारा कबुलायत लिहून देई. एक सोडण्यास राजी, दुसरा घेण्यास कबूल, अशी ही जोडी होती. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानुसार भोगवटा सर्वस्वी सोडावयाचा तर मामलेदारास ३१ मार्चपूर्वी लेखी सूचना द्यावी लागे, आणि त्याग अमलात येई तो चालू वर्षाच्या अखेरीपासून. शासनास साऱ्याची व जमिनीची पुढील व्यवस्था लावता यावी, हा अशा मुदतीचा उपयोग उघड आहे.

नोकरीतील पूर्वसूचनेचे तत्त्व याहून निराळे नाही. नोकरी सोडण्याचा हक्क सेवकाचा आहे. परंतु त्याच्या जाण्याने रिकामी होणारी जागा भरण्यास मालकाला अवधी लागतो. हा अवधी किती असावा, हे प्रथम नेमणुकीच्या करारावरून व त्या सेवेस लागू असलेल्या नियमांवरून ठरते. औद्योगिक आस्थापनांसाठी १९४६ च्या कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश केले गेले, त्यांत मासिक वेतनावरील कायम कामगारास एक महिन्याची व इतरांस दोन आठवड्यांची नोटीस होती, आणि ती मालक व कामगार या दोघांवरही सारखीच बंधनकारक होती. नोटिशीऐवजी तितक्या मुदतीचे वेतन देण्याचीही सोय होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे.

या विषयाचा सर्वांत बोधप्रद नमुना महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आढळतो. तिच्या ४० व्या नियमानुसार कायम कर्मचाऱ्याने तीन व अन्य कर्मचाऱ्याने एक कॅलेंडर महिन्याची नोटीस द्यावयाची असते. मुदत अपुरी पडल्यास तेवढ्या काळाचे वेतन भरून व्यवस्थापनाच्या अनुमतीने आधी जाता येते. परंतु नियम येथेच थांबत नाही. सुटीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्यास सुटीच्या काळात, अथवा सुटीचा भाग मुदतीत येईल अशा बेताने, नोटीस देता येत नाही. वर्षाचे पहिले सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आतही ती देता येत नाही. मुदत केवळ दिवस मोजून भरत नाही. ती कामाच्या ऋतुमानाशी बांधलेली असते. पीक उभे असता शेत सोडू नये, तसाच वर्ग नुकता उभा राहत असता तो सोडू नये, असा या बंधनाचा आशय आहे.

दुसऱ्या पक्षाच्या बळजबरीचाही विचार या कायद्याने केला आहे. मूळ १९७७ च्या अधिनियमाच्या ७ व्या कलमात राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोहोंवर सही व तारीख घालण्यास सांगितले असून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावयाची व दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची असते. कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन तिचा पुढे राजीनामा करण्याच्या प्रकारास याने आळा बसतो. जो लेख राजीखुशीने लिहिलेला नाही, तो नावापुरताच राजीनामा ठरतो.

मुदतीचे आणखी एक कार्य सहसा लक्षात येत नाही. ती सेवकाच्या फेरविचाराचाही अवधी असते. पंजाब नॅशनल बँकेच्या एका अधिकाऱ्याने पुढील तारखेपासून राजीनामा दिला. बँकेने तो तत्काळ स्वीकारला. नंतर, मूळ तारीख येण्यापूर्वी, त्याने तो मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली अधिकाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. मुदत संपेपर्यंत राजीनामा अमलात आलेला नसल्याने तो परत घेता येत होता, असे न्यायालयाने मानले. मात्र सर्वच सेवांत असे होत नाही. जेथे नियमांनी त्याग स्वीकृतीवर अवलंबून ठेवला आहे, तेथे तो सामान्यतः स्वीकृतीने पूर्ण होतो, व तसा पूर्ण झाल्यावर परत घेता येत नाही.

मुदत न पाळता निघून गेल्यास काय होते? वैयक्तिक सेवेच्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी न्यायालये सामान्यतः करवीत नाहीत. कोणास इच्छेविरुद्ध कामावर बसविले जात नाही. उरतो तो नोटीस-वेतनाचा वा नुकसानभरपाईचा प्रश्न. म्हणून ‘किती दिवस आधी सांगावे’ याचे उत्तर शोधताना प्रथम करार व नियम पाहावे, मग आपल्या कामाचे ऋतुमान पाहावे, आणि लेखावर तारीख घालून त्याची प्रत जवळ ठेवावी. जाणारा राजी आणि राहणारा कबूल, हा जुन्या जोडीतील समतोल साधण्यास जेवढा अवधी लागतो, तेवढी मुदत योग्य होय.