निजामापुढे किती रस्ते होते?

17 सप्टेंबर जवळ आला की वाटूर फाट्यापासून परतूर, मंठ्यापर्यंत झेंडावंदनाची तयारी सुरू होते. निजाम, रझाकार हे शब्द वर्षातून एकदा जोरात ऐकू येतात. मग आपली मुलं घरी येऊन विचारतात, "निजामाला पाकिस्तानात जायचं होतं का?" बरेच पालक विषय बदलतात. आम्हाला वाटतं, विषय बदलू नये, नीट समजावून सांगावा.

तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो 1981 साली झाला. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद संस्थानात. आपले बुजुर्ग या काळाला मोगलाई म्हणतात. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने इंग्रजांची संस्थानांवरची अधिसत्ता संपली. गंमत अशी, की ती ना दिल्लीला मिळाली ना कराचीला. कागदावर प्रत्येक संस्थान मोकळं झालं. मीर उस्मान अली खान यांनी जून 1947 मध्येच जाहीर केलं, की आपण दोन्हीकडे जाणार नाही. म्हणजे मागणी स्वतंत्र राहण्याची होती. पण चारी बाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही आणि दीड कोटीहून जास्त प्रजेत बहुसंख्य हिंदू, अशा राज्याने ते करायचं कसं?

परकी सत्ता गेल्यावर अशा प्रदेशापुढे साधारण तीन रस्ते असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1960 साली ते ठरावात मांडले: पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या देशाशी खुषीने जोडलेलं स्वराज्य किंवा बरोबरीच्या हक्कांनी विलीनीकरण. मधल्या रस्त्याचं उदाहरण म्हणजे पॅसिफिकमधली कूक बेटं. 1965 पासून त्यांचं सरकार स्वतःचं, पण नागरिकत्व न्यूझीलंडचं. आपल्या शेजारी सिक्कीम 1950 च्या तहाने भारताचं संरक्षित राज्य झालं आणि 1975 मध्ये भारताचं घटकराज्य. ग्रीनलंडला तर 2009 च्या कायद्याने डेन्मार्कपासून वेगळं होण्याची वाटही ठेवली आहे, पण तिथल्या लोकांनी कौल दिला तरच.

हैदराबादलाही मधला रस्ता दोनदा दिसला. 29 नोव्हेंबर 1947 ला एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची पूर्वीची व्यवस्था चालू ठेवायची, बाकी कारभार संस्थानाचा. दुसऱ्यांदा जून 1948 मध्ये. माउंटबॅटन भारत सोडण्याआधी एक मसुदा तयार झाला. त्यात लोकांना जबाबदार असं सरकार आणि जनमत घेण्याची तरतूद होती. निजामाने तो नाकारला. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली. रझाकारांचे पुढारी, लातूरचे वकील कासिम रझवी, यांचा दबाव होताच. खेड्यापाड्यांत रझाकारांचे जुलूम चालू होते. भारतात सामील व्हावं असं लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला. ते मुसलमान होते, हे मुलांना जरूर सांगा.

मग हैदराबादने सुरक्षा समितीत तक्रार नेली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, 16 ला पॅरिसमध्ये तक्रार चर्चेला आली आणि 17 ला निजामाने शरणागती पत्करली. आपल्या घरांत याला आजही पोलीस ॲक्शन म्हणतात.

नंतर जे झालं ते भाषणांत येत नाही. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अंदाजाने त्या काळात 27 ते 40 हजार लोक मारले गेले, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद आणि नांदेडला फार मोठा फटका बसला. यातल्या किती जणांना मसुद्याचं नावही माहीत असेल? हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात असा. इतर संस्थानांसारखा सामीलनामा निजामाने सही केलाच नाही. नोव्हेंबर 1949 च्या फर्मानाने त्यांनी भारताची राज्यघटना मान्य केली आणि 1956 पर्यंत ते राजप्रमुख राहिले. त्या वर्षी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, 1960 ला महाराष्ट्रात. जनमत मात्र कधीच घेतलं गेलं नाही, निजामाच्या हट्टामुळे आधी नाही आणि नंतरही नाही.

म्हणून शाळेत कुणी मुलाला "रझाकार" म्हणून चिडवलं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. शोएबुल्ला खान यांच्यापासून सुरुवात करता येईल.