मुरघासातला आंबटपणा पकडायचा कसा?

पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरला गोठ्यामागे मुरघासाची बॅग उघडताना कधी जवळ उभे राहिला आहात? आंबूस-गोड वास येतो, थोडा ताकाचा, थोडा लोणच्याचा. गाई दावं ताणून माना पुढे करतात. त्यांना आधीच कळलेलं असतं, माल छान जमलाय!

बॅगेत असते मक्याची कुट्टी. गोड मक्याची कणसं बाजारात गेल्यावर मागे उरलेली हिरवी ताटंही चालतात. कुट्टी भरायची, तुडवून तुडवून हवा बाहेर काढायची आणि तोंड घट्ट बांधायचं. पुढचं काम जिवाणूंचं. ते इतके लहान, की एका मिलिमीटरच्या रेघेवर शंभराहून जास्त सहज मावतील! बिनहवेच्या अंधारात ते ताटांतली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. हो, दह्यातलंच ते! एवढ्या आंबटपणात कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही, म्हणून चारा महिनोन् महिने टिकतो. बॅगेला भोक पडलं, की मात्र बुरशी आलीच.

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न. हे आम्ल वेगळं काढायचं कसं? मुरघासाचा रस उकळून आटवला तर? छे! साखर, क्षार, सगळंच त्याच्याबरोबर घट्ट होतं.

स्वीडनच्या कार्ल शेलेने १७८० साली आंबट दुधातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि मदतीला घेतला चुना! कारखान्यांतही चुन्याची युक्ती चालते. आंबलेल्या रसात चुना घातला, की त्यातलं कॅल्शियम आम्लाला धरून ठेवतं. कॅल्शियम लॅक्टेट तयार होतं. रस आटवून थंड केला, की त्याचे खडे तळाशी बसतात. ते गाळून, धुऊन पाण्यात विरघळवायचे आणि गंधकाम्ल घालायचं. कॅल्शियम लगेच गंधकाम्लाकडे पळतं, जिप्सम होऊन खाली बसतं. वर उरतं मोकळं लॅक्टिक आम्ल! मला तर ही पळापळ फार आवडते. एकच खोट आहे, एक टन आम्लामागे जवळजवळ टनभर जिप्सम साठतं. म्हणून आता विजेच्या आणि पातळ पडद्यांच्या साहाय्याने आम्ल वेगळं करण्याच्या रीतीही वापरतात.

या जिवाणूंना उसाची मळीही चालते. निरगुडसरजवळ पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे ना? साखर काढून उरते ती काळी, चिकट मळी. आणि असं काढलेलं आम्ल जातं कुठे? आपल्याच जिल्ह्यात जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये लॅक्टिक आम्लापासून प्लॅस्टिक बनवून दाखवणारा प्रकल्प सुरू केला. जखम शिवायचे, शरीरात आपोआप विरघळणारे काही धागेही याच आम्लापासून बनतात.

घरी करून बघा. पण चुन्याला हात लावू नका, तो डोळ्यांत गेला तर फार वाईट. आंबट ताकाची निवळ वाटीत घ्या, चिमूट चिमूट खायचा सोडा टाका. फसफस थांबली, की थेंबभर चाखा. आंबटपणा कुठे गेला? तो तिथेच आहे, सोड्यातल्या सोडियमने धरून ठेवलेला. त्याला सोडवायचं कसं, ते चुना आणि गंधकाम्लाच्या युक्तीवरून तुम्हीच सांगा.